ॲट्रोपिनचे नाव ऐकून केलेल्या तक्रारीबाबत पुरवणी जबाब

जबाब देणार : मूळ तक्रारदार, घरातील थोरली सून, वय ४८ वर्षे, धंदा नोकरी (कीटकनाशके भरण्याच्या कारखान्यात पॅकिंग विभागाची मुकादम), राहणार पाण्याच्या टाकीसमोरील इमारत, दुसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताची जागा. पूर्ण नाव व फोन मूळ तक्रारीत आलेला आहे.

मी आज पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती, माझा धाकटा दीर, त्याची बायको आणि आमच्या सासूबाई असे पाच जण एकत्र राहतो. पतींचा स्वतःचा टेम्पो आहे. दीर लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असून आठवड्यातले निम्मे दिवस बाहेरगावी असतो. त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ, घरीच असते. तिला घरात सगळे धाकटी म्हणतात, म्हणून या जबाबातही तेच म्हणते. सासूबाईंचे वय चौऱ्याहत्तर आहे. त्यांच्या छातीचे ठोके मधूनच सैरावैरा पळू लागतात, त्यासाठी ठोके आवरायची एक गोळी रोज सकाळी चालू आहे. ती द्यायचे काम धाकटीकडे आहे.

धाकटीने सासूबाईंना दुधातून विष घातले, अशी तक्रार मी परवा दुपारी याच टेबलावर दिली. त्या तक्रारीवरून धाकटीला आज सकाळी चौकशीला बोलावले असून ती बाहेरच्या बाकावर बसली आहे. आत येताना मला तिच्या समोरूनच यावे लागले. मला वाट द्यायला तिने पाय मागे घेतले, पण वर पाहिले नाही.

हवालदारांनी मला आधी विचारले की, दोनच दिवसांत जबाब बदलायला आलात तर घरून कुणी दम दिला आहे का, नवऱ्याने की दिराने. कुणीही दिलेला नाही. मला दम देणारे माणूस आमच्या घरात अजून जन्मायचे आहे. पती तर म्हणत होते, आता गप्प बस, पुन्हा जाऊन आणखी घोळ घालू नकोस. तरी मी आले. परवा जे डोळ्यांनी पाहिले त्यातले एक अक्षरही मी मागे घेत नाही, म्हणून ते आधी पुन्हा सांगते. हवालदार म्हणाले, ते लिहिलेले आहे. मी म्हटले, परत लिहा, त्याशिवाय पुढचे समजणार नाही.

माझे आणि धाकटीचे विळ्याभोपळ्याचे सख्य आहे, हे लपवून उपयोग नाही, इमारतीत कुणालाही विचारावे. ती मनाने वाईट आहे असे माझे म्हणणे नव्हते. पण ती धांदरट आहे. गॅसवर काही ठेवून गच्चीत जाते आणि तिथेच रमते. एकदा सासूबाईंच्या कॉटखाली झाडताना मला ठोक्यांची एक गोळी सापडली, धुळीत पडलेली. मी ती धाकटीला दाखवली. ती म्हणाली, "ही कधीची कोण जाणे." औषधाच्या बाबतीत असे उत्तर देणाऱ्या माणसावर माझा भरवसा राहात नाही. तिथून तो उडाला.

सासूबाईंची तब्येत बिघडली त्याच्या आधीच्या आठवड्यात घरात एक वाद झाला. जवळच्या पाळणाघरात नोकरीची एक जागा निघाली होती आणि धाकटीला ती हवी होती. सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर मी एकटी पडले-बिडले तर?" धाकटी उठून आत गेली. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. स्वयंपाकघरात पातेले आपटल्याचा आवाज आला आणि ती स्वतःशीच म्हणाली, "ह्या आहेत तोवर मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता यायचं नाही." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. तिला विचारल्यास तीही नाही म्हणणार नाही.

परवा माझी साप्ताहिक सुट्टी होती. सकाळच्या चहानंतर धाकटीने सासूबाईंना काचेच्या पेल्यातून दूध दिले. सासूबाईंनी ते तोंड वाकडे करून प्यायले आणि पेला खिडकीत ठेवला. मी तिथेच कारखान्यात नेसायच्या माझ्या साड्यांच्या घड्या घालत होते. पेल्याच्या बुडाशी पांढरा गाळ दिसला. साखर अशी दिसत नाही, साखर विरघळते. मी सतरा वर्षे पावडरी भरते आहे, भुकटी पाण्यात कशी बसते ते मला कळते. पेल्यावरून माझी नजर हलेना.

अकराच्या सुमारास सासूबाई न्हाणीघरातून भिंतीला धरून बाहेर आल्या. "मला आत खाली खाली जातंय गं," एवढे म्हणाल्या, स्टुलावर बसल्या आणि बसल्या जागी कलल्या. कपाळ गार आणि घामाने निथळत होते. मी मनगट धरले. आमच्या कारखान्यात प्रथमोपचाराचे शिक्षण असते आणि मुकादम म्हणून नव्या बायकांना ते मीच देते, त्यामुळे नाडी बघता येते. एक ठोका लागला की पुढच्याची वाट बघावी लागत होती. मला वाटले माझेच बोट चुकले, म्हणून बोट सरकवून पाहिले. बोट बरोबर होते.

पती घरी होते व टेम्पो खालीच होता. दोघांनी मिळून सासूबाईंना खुर्चीसकट उतरवले. पुढच्या सीटवर त्यांना मधे घेऊन मी बसले आणि धाकटीला मागे चढायला सांगितले. ती जिन्यात नव्हती. मी खालून हाका मारल्या तेव्हा ती ओल्या हातांनी धावत आली. काय करत होतीस विचारले, तर म्हणाली, "पेला विसळत होते." माणूस राहते की जाते अशी वेळ, आणि हिला पेला विसळायचे सुचते. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

रुग्णालयात तातडीच्या विभागात पडद्याआडच्या कॉटवर घेतले. छातीला तारा चिकटवल्या आणि वरच्या यंत्रावर हिरव्या आकड्यात चौतीस दिसू लागले. ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या लेकीएवढ्या असतील. त्यांनी एकदा यंत्राकडे आणि एकदा सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिले आणि सिस्टरना म्हणाल्या, "प्रेशरही पडलंय. ॲट्रोपिन भरा. शिरेतून, लगेच."

ते नाव ऐकले आणि हे विषच, असे मी धरून चालले. का, ते नीट लिहून घ्यावे, कारण सगळा प्रकार तिथून सुरू झाला. आमच्या कारखान्यात भरण विभागाच्या दाराशी एक लाल कपाट आहे. त्यात ॲट्रोपिनच्या काचेच्या नळ्या असतात. शेजारी भिंतीवर चित्र आहे : घाम, लाळ, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी, नाडी मंद. खाली लिहिले आहे की कीटकनाशक अंगात गेल्यास डॉक्टर येताच ॲट्रोपिन. हे मी नव्या बायकांकडून घोकून घेते. एकदा भरणावरच्या एका माणसाच्या अंगावर पाइप निसटून औषध सांडले, तेव्हा कारखान्याच्या डॉक्टरांनी त्याला नळ्यांमागून नळ्या टोचल्या. मी त्याचे डोके धरून बसले होते. थोड्या वेळाने त्याचे तोंड लाल झाले, जीभ कोरडी पडली, बाहुल्या मोठ्या झाल्या आणि तो हवेतून काहीतरी वेचू लागला. तो वाचला. तेव्हापासून ॲट्रोपिन म्हणजे विषावरचा उतारा, हे माझ्या डोक्यात पक्के बसले होते. दुसऱ्या कशासाठी ते देत असतील असे मला कधी वाटले नाही, कुणी सांगितलेही नाही.

म्हणजे घाम होता, नाडी मंद होती, पेल्यात गाळ होता, पेला विसळला होता, आणि आता डॉक्टरीणबाई स्वतःच्या तोंडाने उतारा मागत होत्या. सासूबाईंची बाहुली तेवढी मला बघता आली नाही.

इंजेक्शन गेल्यावर आकडा चढला, पन्नासच्या वर गेला. सिस्टर म्हणाल्या, "ऐकतंय." पण थोड्याच वेळात तो पुन्हा उतरू लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "परत द्या." त्या मधल्या वेळात त्यांनी आम्हा दोघींना विचारले की, सकाळपासून पोटात काय काय गेले. मी मुद्दाम धाकटीला बोलू दिले. तिने आधी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "नेहमीचंच. चहा, दूध."

"गोळ्या?"

मी म्हटले, "ठोक्यांची एक. ही देते."

"एकच ना? नक्की?"

धाकटीने मान हलवली. मीही हो म्हटले.

दुसऱ्या इंजेक्शननंतर आकडा टिकला. मग एक यंत्र लावून त्यातून थेंबाथेंबाने आणखी कसले तरी औषध सोडले आणि सासूबाईंना आत अतिदक्षता विभागात हलवले. आत जाऊन पाहिले तर त्यांचे गाल लाल झाले होते, ओठ सुकले होते, "पाणी, पाणी" करत होत्या आणि चादरीवरून नसलेले धागे उचलत होत्या. भरणावरच्या त्या माणसासारखेच. मला आणखी पुरावा नको होता. डॉक्टरीणबाईंनी विषाचे नावही काढले नाही, त्याचाही मी उलटाच अर्थ लावला. मोठ्या रुग्णालयांना पोलिसांचे लचांड नको असते, म्हणून दाबतात, असे मला वाटले.

मी पतींना बाजूला घेऊन सांगितले. ते म्हणाले, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटले, तुमची आई आहे, तुम्हाला नसेल तर मला काळजी आहे. आणि तशीच चालत इथे आले व तक्रार दिली. धाकटी तेव्हा अतिदक्षता विभागाच्या बाहेर फरशीवर बसली होती. मी कुठे निघाले ते तिने विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

काल पोलीस घरी आले. त्यांनी पेला, दुधाचे पातेले व साखरेचा डबा ताब्यात घेतला. धाकटीचे कपाट उघडून पाहिले. जिन्यात निम्मी इमारत उभी होती. तिच्या घडीच्या साड्या पलंगावर काढून ठेवल्या तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. पोलीस गेल्यावर तिने एकेक साडी परत कपाटात लावली. मी स्वयंपाकघरात गेले तशी ती मागे आली आणि म्हणाली, "ताई, दुधात काय होतं ते सांगते, ऐकाल का?" मी म्हटले, "जे सांगायचं ते पोलिसांना सांग." ती गेली. मी तेव्हा ऐकून घेतले असते तर आज ती बाकावर नसती.

संध्याकाळी दीर बाहेरगावाहून आला. चपला न काढता दारातूनच त्याने विचारले, "वहिनी, तुम्ही खरंच असं लिहून दिलंत?" मी हो म्हटले. त्याला मी लहानपणापासून पाहिले आहे, माझ्या लग्नात तो शाळेत होता. तो मला एक शब्दही उलट बोलला नाही. ते मला लागले. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

आज सकाळी धाकटीला इकडे बोलावणे आले आणि मी रुग्णालयात गेले. सासूबाई शुद्धीवर आहेत, बोलतात, असे सिस्टर म्हणाल्या. बाहेर त्याच डॉक्टरीणबाई भेटल्या. मी विचारले, "विषाचा रिपोर्ट काय आला?"

त्या म्हणाल्या, "पोलिसांनी विचारलं म्हणून तेही रक्त तपासलं. विषाचा मागमूस नाही. पण हे विषाचं खूळ काढलं कुणी?"

मी म्हटले, "तुम्हीच ॲट्रोपिन दिलंत."

त्यांना संबंध लागेना. मी कारखान्याचे सांगितले, लाल कपाटाचे, चित्राचे. तेव्हा त्या बाकावर बसल्या आणि मलाही बसवले. म्हणाल्या, "अहो, हृदयाचे ठोके असे धोक्याइतके खाली गेले, प्रेशर पडलं, माणूस शुद्ध हरपायला लागला, की आम्ही पहिलं ॲट्रोपिन देतो. हृदयाला आवर घालणारी जी नस असते, तिचा लगाम ते सैल करतं. ठोके कशानंही बसलेले असोत. विषात लागतं ते याच्या कितीतरी पट, तुमच्या त्या माणसाला दिलं तसं. आग लागली की पाणी मारतात, म्हणून पाणी दिसलं की आग लागलीय म्हणणार का?"

मी विचारले, तोंड लाल झाले होते, धागे वेचत होत्या, ते कशाने. त्या म्हणाल्या, त्याच इंजेक्शनाने, म्हाताऱ्या माणसांना होते तसे, उतरते. कारखान्यातल्या माणसाचेही विषाने नव्हे, उताऱ्याने झाले होते. म्हणजे इतकी वर्षे मी नव्या बायकांना शिकवत आले त्यातले निम्मे मलाच ठाऊक नव्हते. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे म्हणतात ते हेच.

मग त्यांनी आवाज बदलला. म्हणाल्या, "मला वेगळाच संशय आहे. ठोक्यांची गोळी जास्त झालीय. दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या डॉक्टरांनी ताकद वाढवून मोठी गोळी दिली, ते ठीक. पण एका गोळीनं एवढं होणार नाही. खरं सांगा, किती जात होत्या?"

येथे मला जी गोष्ट सांगायची आहे ती परवाच्या तक्रारीत नाही. कॉटखाली गोळी सापडली तेव्हापासून मी सासूबाईंना रोज सकाळी कामावर निघण्याआधी ठोक्यांची एक गोळी देत होते. वेगळी पट्टी आणून ती मी माझ्या कामाच्या पिशवीत ठेवत असे. धाकटी देईल न देईल, निदान माझी तरी पोटात जाईल, असा माझा विचार होता. गोळी बदलली तेव्हा मी माझी पट्टीही बदलली. घरात कुणाला सांगितले नव्हते. परवाही, सुट्टी असून, धाकटी उठायच्या आत मी ती दिली होती. आणि डॉक्टरीणबाईंनी कॉटशी उभे राहून, एकच ना, नक्की, असे विचारले तेव्हा मी हो म्हटले. धाकटी शेजारी होती. तिच्यासमोर ते उघड करायला माझी जीभ वळली नाही. यंत्रावरचा आकडा खाली येताना मला दिसत होता, तरी वळली नाही.

आज मी डॉक्टरीणबाईंना ते सांगितले. त्यांनी विचारले, "आणि त्या दुसऱ्या बाई कशी देतात? कुटून?" मी म्हटले, दुधात गाळ होता. त्या म्हणाल्या, ही गोळी पोटात सावकाश विरघळावी म्हणून बनवलेली असते, कुटली की दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. एक जास्तीची आणि एक कुटलेली, आणि दोन्ही नव्या ताकदीच्या. मग म्हणाल्या, "हे त्याच वेळी कळलं असतं तर त्यावरचं नेमकं औषध मी आधीच काढलं असतं. दोन इंजेक्शनांना त्यांनी दाद दिली नसती, तर आपण आज इथं बसून बोललो नसतो." त्या रागावल्या नाहीत, हात धुवायला निघून गेल्या.

नंतर मी सासूबाईंजवळ गेले. तोंड अजून कोरडे होते, मी चमच्याने पाणी दिले. मी विचारले, "आई, गोळी दोनदा होतेय हे तुम्हाला कळत होतं का?"

"कळत होतं की. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? तुला म्हटलं असतं ती देते, तर म्हणाली असतीस खोटं बोलते. तिला म्हटलं असतं तू देतेस, तर ती बोचकं बांधून माहेरी गेली असती. गोळी ती केवढीशी. घेतली. म्हटलं, जास्त झाली तर गुण जास्त येईल."

"आणि कॉटखाली पडलेली?"

"ती माझ्या हातून निसटली होती. तुझा आवाज चढलेला, मी कशाला मधे तोंड घालू?" मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "धाकटी कुठाय? काल आली, आज नाही दिसली."

मी त्यांना ती कुठे आहे ते सांगितले नाही. येते म्हणाले आणि थेट इकडे आले.

हवालदारांनी मला समजावून सांगितले की, असे लिहून दिले तर हलगर्जीपणाचे बोट माझ्याकडे वळेल व पुढची चौकशी माझी होऊ शकेल. तसेच, मोठ्या साहेबांनी विचारले की, जावेला वाचवायला दोघी मिळून ही गोष्ट रचली नाही ना. साहेबांचा संशय रास्त आहे, मीही त्यांच्या जागी असते तर तोच घेतला असता. पण आम्ही दोघींनी मिळून काही रचायचे तर आधी आम्हाला एकमेकींशी बोलावे लागले असते. माझी गोळ्यांची पट्टी मी सोबत आणली असून ती टेबलावर ठेवली आहे. डॉक्टरीणबाईंना फोन करून खात्री करावी. साहेबांनी फोन केला व खात्री केली.

सबब, धाकटीने सासूबाईंना विष घातले ही माझी तक्रार चुकीची होती. पेला, गाळ आणि ओले हात मी पाहिले ते खरे आहे, त्याचा अर्थ मी माझ्या मनाने लावला. ती कॉटशी उभी राहून डॉक्टरांशी खोटे बोलली म्हणून माझा तिच्यावर सर्वांत जास्त राग होता. त्याच कॉटशी मीही खोटे बोलले. सासूबाई गेल्या असत्या तर आम्ही दोघी तिथे एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो असतो आणि जन्मभर मी तिलाच दोष दिला असता. तिला घरी सोडावे अशी माझी विनंती आहे. माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे.

हा जबाब वाचून दाखवताना धाकटीला आत बोलवावे असे मी सांगितले. हवालदार म्हणाले, तशी पद्धत नाही. मी म्हटले, तक्रार दिली तेव्हा ती समोर नव्हती, निदान हे तिच्यासमोर होऊ दे. साहेबांनी परवानगी दिली. तिला खुर्ची दिली. ती बसली आणि शेवटपर्यंत ऐकले. कुटलेल्या गोळीचे आले तेव्हा ती म्हणाली, "ते खरं आहे. मोठी गोळी त्यांच्या घशात अडकायची. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, हिला साधी गोळीसुद्धा देता येत नाही. म्हणून तिथं डॉक्टरांनाही बोलले नाही, आणि पेलाही तुमच्या डोळ्याला पडू नये म्हणूनच विसळला." मी तसेच म्हटले असते. तेही लिहून घ्यावे असे मी सांगितले.

पाळणाघराबाबतचे वाक्य ती बोलली होती का, असे साहेबांनी तिला विचारले. ती म्हणाली, बोलले होते, आणि पुन्हाही बोलेन. यावर मला काही म्हणायचे नाही.

त्यानंतर धाकटी माझ्याकडे न बघता हवालदारांना म्हणाली, "आई घरी आल्या की त्यांना नवीन गोळी सुरू होणार. ती कोण देणार ते ह्यांना विचारून कागदावर घ्या. आणि मी दिली म्हटल्यावर ह्या मानणार का, तेही घ्या."

मी सांगितले, गोळी धाकटी देईल. मी माझ्या हाताने देणार नाही. हवालदारांनी पुढच्या प्रश्नाचे उत्तर मागितले. मी म्हटले, मानेन असे आजच लिहून दिले तर ते खोटे होईल, आणि इथे खोटे लिहून द्यायची माझी ही दुसरी वेळ होईल. एवढे लिहावे की, मी तिला तोंडावर विचारीन, दिलीस का म्हणून. ती हो म्हणाली की मी पिशवी घेऊन कामावर जाईन. धाकटी म्हणाली, "चालेल. पण माझ्याशी बोलून विचारा, आईंना नको."

हा जबाब हवालदारांनी आम्हा दोघींसमोर मोठ्याने वाचला. मी सांगितला तसाच लिहिलेला आहे, बरोबर आहे. बरोबर आहे असे धाकटीही म्हणाली.